आधी माप, मग मॉड: बडोद्यात इम्पोर्ट गाडीत बदल करताना

पहिला पार्ट मागवण्याआधी गाडी सपाट फरशीवर उभी करा, टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा भरा आणि मापपट्टी काढा. चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची चारही कोपऱ्यांत मोजा. मग मागे दोन आणि पुढे दोन माणसं बसवून तीच मापं पुन्हा घ्या, आणि गाडीच्या पोटाचा सगळ्यात खालचा भाग जमिनीपासून किती वर आहे तेही लिहून ठेवा. बहुतेक गाड्यांत तो भाग म्हणजे इंजिनच्या तेलाचं चेंबर किंवा सायलेन्सरचा पाइप. पुढचा प्रत्येक निर्णय या आकड्यांवर बसतो. ही वही नसली की रिम मडगार्डला घासतं, टायर आतून खाल्ला जातो, चेंबर फुटतं आणि दोष मात्र पार्टला दिला जातो.

आपल्याकडे 'इम्पोर्ट' हा शब्द सैल वापरला जातो. अख्खी गाडी बाहेरून आणली तर ड्युटीच इतकी बसते की बहुतेकांच्या हातात असते ती जपानी किंवा युरोपीय बनावटीची, पण इथेच जुळवलेली गाडी: सिव्हिक, सिटी, लान्सर, ऑक्टेव्हिया, पोलो. बडोदेकरांना हे नवं नाही, शेजारच्या हालोलमध्ये १९९६ पासून ओपेल ॲस्ट्रा बनत होती. स्टाइलची नावं मात्र बाहेरूनच आली आहेत आणि त्यांचे अर्थ नीट माहीत असलेले बरे.

जेडीएम म्हणजे मुळात जपानच्या घरच्या बाजारासाठी बनलेली गाडी किंवा पार्ट. स्टिकर लावल्याने गाडी जेडीएम होत नाही. या स्टाइलचा गाभा म्हणजे हलकं रिम, साधा बंपर, काम करणारे पार्ट आणि आत घट्ट धरणारी सीट. स्टान्स म्हणजे गाडी जमिनीला टेकलेली, रिमची कड मडगार्डच्या कडेशी जुळलेली आणि चाकं वरून आत झुकलेली. व्हीआयपी स्टाइल जपानमधल्या मोठ्या सेडानची: खूप खाली, खूप चकचकीत, आत मऊ गाद्या. युरो किंवा 'ओईएम प्लस' म्हणजे त्याच कंपनीच्या वरच्या मॉडेलचे पार्ट लावून गाडी कारखान्यातूनच तशी आली असावी इतकी नेटकी करणं. स्लीपर बाहेरून साधी, आतून वेगवान. ट्रॅक लूकमध्ये स्प्लिटर (पुढच्या बंपरखालची पट्टी) आणि उंच विंग असते. शहरातल्या वेगात ती विंग फक्त वजन वाढवते आणि डिकीच्या बिजागऱ्या थकवते. बडोद्याच्या रस्त्यावर रोज फिरणाऱ्या गाडीला ओईएम प्लस किंवा संयमी जेडीएम सगळ्यात जास्त शोभतं, आणि टिकतंही तेच.

चाकं: सगळा खेळ मिलिमीटरचा

रिम घेताना पाच गोष्टी जुळाव्या लागतात: पीसीडी (बोल्ट किती आणि ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास), मधलं भोक, रुंदी, ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून गाडीला टेकणाऱ्या पृष्ठापर्यंतचं अंतर, मिमीत) आणि नट-बोल्टची बैठक. सिव्हिकचं पीसीडी ५×११४.३, मधलं भोक ६४.१ मिमी. सिटीचं ४×१०० आणि ५६.१. पोलोचं ५×१००, २०१३ नंतरच्या ऑक्टेव्हियाचं ५×११२, दोघांचं मधलं भोक मात्र ५७.१. त्यामुळे 'एकाच घरातल्या गाड्या आहेत, बसेल की' म्हणत पोलोची रिमं ऑक्टेव्हियाला न्यायची नसतात.

ऑफसेट कागदावर असा काढा. समजा आताचं रिम ६.५ इंच रुंद, ऑफसेट ४५ आहे आणि नवं ७.५ इंच, ऑफसेट ३८. जुन्याची अर्धी रुंदी ८२.५ मिमी. आतल्या बाजूला ८२.५ अधिक ४५, म्हणजे १२७.५. बाहेर ८२.५ उणे ४५, म्हणजे ३७.५. नव्याची अर्धी रुंदी ९५.२५, आत १३३.२५ आणि बाहेर ५७.२५. म्हणजे चाक आत जवळपास ६ मिमी सरकलं आणि बाहेर जवळपास २० मिमी. आता गाडीखाली जाऊन शॉकअप आणि टायर यांच्यात ६ मिमी जागा आहे का ते बोटाने तपासा. सुकाणू पूर्ण वळवून बाहेरचे २० मिमी मडगार्डच्या कडेला आणि प्लास्टिकच्या लायनरला लागतात का तेही पाहा. पुढचं चाक वळवलेलं असताना घासतं, मागचं डिकी भरल्यावर. रिकामी गाडी उभी करून केलेली तपासणी निम्मीच असते.

टायरचा एकूण व्यास मूळ व्यासापासून दोन टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर स्पीडोमीटर आणि एबीएसचा हिशोब बिघडतो. जुन्या सिव्हिकचा मूळ १९५/६५ आर १५ टायर ६३४.५ मिमी व्यासाचा. २०५/५५ आर १६ भरतो ६३१.९, २२५/४५ आर १७ भरतो ६३४.३. दोन्ही बसतात, पण सतरा इंचीत टायरची भिंत १०१ मिमीच उरते. खड्ड्यात जाड भिंतीचा टायर दबतो आणि रिम वाचतं. पातळ टायरात रिमच वाकतं, किंवा भिंतीला फुगा येतो. फुगा आलेला टायर त्याच दिवशी काढायचा. सिव्हिकच्या मापात तरी बडोद्यात सोळा इंच हा शहाणपणाचा शेवट आहे.

मधलं भोक मोठं निघालं तर हबरिंग (ती फट भरणारी कडी) लावा, ॲल्युमिनियमची. ब्रेकच्या उष्णतेत प्लास्टिकची रिंग मऊ होऊन फुटते आणि मग अहमदाबाद एक्सप्रेसवेवर ८०–१०० च्या वेगात सुकाणू थरथरतं. बॅलन्सिंग तीनदा करूनही जात नाही ती थरथर बहुतेक वेळा इथली असते.

बोल्टची बैठक हा सगळ्यात दुर्लक्षिलेला भाग. फोक्सवॅगन-स्कोडाच्या मूळ बोल्टचा बसणारा भाग गोलाकार असतो, होंडाच्या मूळ अलॉयचे नटही तसेच. बाजारातल्या बहुतेक रिमना ६० अंशांचा शंकूसारखा नट-बोल्ट लागतो. गोल बोल्ट शंकूच्या खड्ड्यात घातला तर तो एका बारीक रेषेवर टेकतो, पाना घट्ट झाल्याचं भासवतो आणि काही दिवसांत सैल होतो. टॉर्क पान्यानेच (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळा: पोलो-ऑक्टेव्हियाला १२० न्यूटन-मीटर, होंडाला १०८. हवेच्या गनने आवळून देतो म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका. ८०–१०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासा. स्पेसर (रिम बाहेर सरकवणारी चकती) घालायचाच असेल तर बोल्ट मूळपेक्षा तितकेच जास्त लांब घ्या. १० मिमीचा स्पेसर, तर मूळपेक्षा १० मिमी जास्त लांब बोल्ट. हाताने फिरवताना किमान सात-आठ फेरे आत गेले पाहिजेत.

नकली रिमबद्दल एक गोष्ट. रेज या जपानी कंपनीचं टीई ३७ हे १९९६ चं डिझाइन, पंधरा इंचात एक रिम ३.७ किलोचं म्हणून ते नाव. हातात घेतलेलं पंधरा इंची 'टीई ३७' सात-आठ किलो भरत असेल तर ते फक्त दिसायला तसं आहे. डिझाइनची नक्कल असायला हरकत नाही, पण रिमच्या आतल्या बाजूला जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए हे जपानी सुरक्षा-तपासणीचे शिक्के आणि वजन सहन करण्याचा आकडा कोरलेला नसेल तर ते रिम दुकानातच राहू द्या.

उंची

इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मापात गोल गतिरोधक १०० मिमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. त्यावरून बरीच खाली गेलेली गाडीही सुटते, कारण चढ सावकाश असतो. अडचण सोसायट्यांच्या बंपची. ते अरुंद आणि टोकदार असतात, चाक उतरतं आणि बंप गाडीच्या पोटाखाली अख्खा उभा राहतो. म्हणून चार माणसं बसलेली असताना सगळ्यात खालच्या भागाखाली १४० मिमी तरी उरले पाहिजेत. वहीतला आकडा १६५ असेल तर २५ मिमी खाली जा, त्यापुढे नाही.

त्यासाठी मूळ शॉकअप ठेवून कडक छोट्या स्प्रिंगा पुरतात. फक्त मूळ स्प्रिंग कापू नका. कापलेली स्प्रिंग वरच्या बैठकीत नीट बसत नाही आणि गाडी उचलली की जागेवरून सुटते. काम करताना गाडी जॅकवर नाही, स्टँडवर ठेवा. स्प्रिंग दाबायचे दोन कॉम्प्रेसर समोरासमोर लावा, थोडं थोडं आळीपाळीने आवळा, आणि वरचा नट सोडताना तोंड कधीही स्प्रिंगच्या रेषेत आणू नका. एबीएसची वायर आणि ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, ते पाहा. वरचे माउंट आणि बंपस्टॉप त्याच वेळी नवे घाला, दुसऱ्यांदा उघडण्याची मजुरी त्यांच्या किमतीपेक्षा जास्त असते.

आणि आता गॅरेजमध्ये हमखास होणारी चूक. खालच्या आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याचे) बोल्ट गाडी लटकलेली असतानाच आवळले जातात. आर्मच्या बुशचं रबर त्याच कोनात पकडलं जातं, गाडी खाली आली की ते कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. मग खड्ड्यात 'खट्' असा आवाज येतो आणि बिचाऱ्या नव्या स्प्रिंगा बदनाम होतात. आर्मचे बोल्ट आधी हलके ठेवा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-तीन वेळा दाबून बसवा आणि मगच पूर्ण आवळा.

लगेच एकदा व्हील अलाइनमेंट करा, दोनेकशे किलोमीटरनंतर स्प्रिंग बसल्यावर पुन्हा. रोजच्या गाडीला कॅम्बर (चाकाचा वरून आत झुकाव) उणे १ ते उणे १.५ अंश पुरे. टो (चाकांची पुढची बाजू आत किंवा बाहेर वळलेली असणं) शून्याजवळ ठेवा, कारण टायर खातो तो मुख्यतः बिघडलेला टो. स्टान्सवाल्यांचा उणे ५ अंशांचा कॅम्बर फोटोत सुरेख दिसतो, पण टायर आतल्या कडेवरच टेकतो, ब्रेक लावताना पकड कमी मिळते आणि पावसाळ्यात ते जाणवतं. खालचा आर्म समोरून पाहिला की जमिनीला साधारण समांतर असावा. तो बाहेरच्या टोकाला वर गेला असेल तर गाडी गरजेपेक्षा खाली गेली आहे आणि वळणावर आधीपेक्षा जास्त झुकेल. कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकअप) लावले असतील तर त्यांचे आटे दर पावसाळ्याआधी ब्रशने साफ करून अँटी-सीझ ग्रीस लावा, नाहीतर दिवाळीत कॉलर फिरणार नाही.

इंजिन आणि पाणी

टर्बो नसलेल्या इंजिनात रिमॅपने, म्हणजे ईसीयूचं (इंजिनच्या संगणकाचं) प्रोग्रामिंग बदलून, हाती फारसं लागत नाही. तो पैसा चांगल्या टायरात आणि ब्रेक पॅडमध्ये घाला. टर्बो इंजिनात स्टेज १ चा, म्हणजे पार्ट न बदलता केलेल्या रिमॅपचा, फरक खरा असतो, पण आधी गिअरबॉक्स पाहा. ऑक्टेव्हिया १.८ टीएसआयचं इंजिन कारखान्यातूनच २५० न्यूटन-मीटर टॉर्क देतं आणि तिचा सात गिअरचा सुक्या क्लचचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) २५० साठीच बनलेला आहे. म्हणजे पहिल्या रिमॅपपासूनच क्लचवर मर्यादेबाहेरचा भार येतो. पोलो जीटी टीएसआयला तोच गिअरबॉक्स, पण इंजिन १७५ चं. तिथे जागा आहे. रिमॅप झाल्यावर प्लगची गॅप साधारण ०.७ मिमी ठेवा. लॉग (चालत्या इंजिनच्या आकड्यांची नोंद) घ्यायचा तर मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता, तिसऱ्या गिअरमध्ये. हवा ४२ अंशांची असताना नॉक (इंजिनात इंधन अवेळी पेटून होणारी ठोक) दाबण्यासाठी ईसीयू ठिणगीचं टायमिंग किती मागे ओढतो ते तेव्हाच कळतं, जानेवारीच्या पहाटेचा लॉग सगळं छान दाखवतो. रिमॅपची फाइल ९५ ऑक्टेनवर बनवलेली असेल तर त्याहून कमी ऑक्टेनचं पेट्रोल भरू नका.

एअर इनटेकची नळी बंपरमागे खाली नेऊन फिल्टर तिथे बसवायची फॅशन आहे. थंड हवा मिळते हे खरं. पण विश्वामित्री नदी चढते तेव्हा काय होतं हे २०१९ आणि २०२४ मध्ये बडोद्याने पाहिलं आहे. खाली बसवलेला फिल्टर पाण्यात गेला की इंजिन पाणी ओढतं, पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इथे इनटेक मूळ उंचीवरच ठेवा. तरीही गाडी पाण्यात बंद पडली तर सेल मारू नका. टो करून आणा, प्लग काढा, मग इंजिन फिरवून पाणी बाहेर काढा.

कागद

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल सांगतो की आरसीत नोंदलेल्या कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल चालत नाही. कलम १८२ अ मध्ये प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड आहे, सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. काच पुढची-मागची ७० टक्के आणि बाजूची ५० टक्के प्रकाश आत येऊ देणारीच हवी. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेल्या गाडीची पीयूसी अडते. रॅपने गाडीचा रंग पूर्ण बदलत असाल तर आरटीओत आधी नोंद करा. विमा कंपनीलाही मॉड लेखी कळवा, नाहीतर अपघातानंतर क्लेम अडकतो. काढलेला प्रत्येक मूळ पार्ट, अगदी मूळ बोल्टसुद्धा, नाव लिहिलेल्या पिशवीत घरी जपून ठेवा. गाडी पासिंगला न्यायची वेळ आली की तेच परत लावायचे असतात.