नव्या ३० सीसी इंजिनाचे पहिले पाच लिटर

कोल्हापूरच्या उद्यमनगरात तीस वर्षं बोरिंग आणि होनिंगच्या, म्हणजे सिलिंडर आतून कोरायच्या आणि दगडाने घासायच्या, मशीनवर काढली, त्यातून एक हट्ट पक्का झाला आहे. रेडिओवर उडणाऱ्या विमानाचं नवं पेट्रोल इंजिन स्टँडवर तासन्‌तास मंद चालवत ठेवू नका. त्याचे भाग एकमेकांना घासून नीट बसतात, म्हणजे ब्रेक-इन होतं, ते हवेत, लोडवर.

बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या पोकळीच्या, भिंतीवर होनिंगच्या बारीक, एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेघा असतात. पिस्टनची रिंग त्या रेघांवर घासत घासत बोअरचा आकार घेते. पण त्यासाठी जळालेल्या वायूचा दाब रिंगच्या मागे शिरून तिला बाहेर रेटावा लागतो. मंद चालीत तेवढा दाब तयारच होत नाही. रिंग तेलावर नुसती सरकत राहते आणि तेल भिंतीवर भाजून चिकट, चकचकीत थर धरतं. माझं पहिलं इंजिन मी आयडलच्या, म्हणजे सर्वांत मंद चालीच्या, जरा वर दोन तास चालवलं होतं. उघडून पाहिलं तर बोअर आरशासारखा! मोटरसायकलचा असता तर पुन्हा होन केला असता, पण या इंजिनांच्या बोअरला बहुधा कठीण प्लेटिंग असतं, तिथे आपला नेहमीचा दगड चालत नाही. त्याचं कॉम्प्रेशन शेवटपर्यंत आलं नाही, याची हळहळ अजून वाटते.

आता मिक्स, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल. कंपनीच्या पुस्तिकेत जे प्रमाण छापलंय ते पहिलं. माझ्या ३० सीसीला ३०:१ सांगितलंय, म्हणजे पाच लिटर पेट्रोलला १६७ मिली टू-टी ऑइल. जुन्या टू-स्ट्रोक चेतकला लिटरमागे वीस मिली टाकणाऱ्यांना हे जास्त वाटेल, पण घाबरू नका. पहिल्या पाच लिटरला मी साधं मिनरल ऑइल वापरतो, सिंथेटिक नंतर. डब्यावर जासो (टू-स्ट्रोक ऑइलचं जपानी मानक) एफसी किंवा एफडी लिहिलेलं बघून घ्या. बोटीच्या इंजिनाचं ऑइल पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं, आपल्याला ते नको. नळी टायगॉनची, म्हणजे पेट्रोलला टिकणाऱ्या प्लास्टिकची, घ्या. ग्लो इंजिनाची (मिथेनॉलवर चालणाऱ्या मॉडेल इंजिनाची) सिलिकॉन नळी पेट्रोलमध्ये फुगते. टाकीचं बूचसुद्धा पेट्रोलला चालणारंच हवं.

कार्ब्युरेटरच्या दोन्ही नीडल, म्हणजे पेट्रोल कमी-जास्त करायचे स्क्रू, पुस्तिकेतल्या आकड्यावर ठेवा. ‘एल’ मंद चालीची, ‘एच’ वरच्या चालीची. सुरुवातीला ‘एच’ थोडी रिचच, म्हणजे पेट्रोल जास्त सोडणारी, असू द्या. ताकद कमी वाटली, धूर जास्त दिसला, तरी लीन करायचा, म्हणजे पेट्रोल कमी करायचा, मोह आवरा. नव्या रिंगच्या घर्षणाने इंजिन तसंच तापतं, वर लीन केलं तर पिस्टन ओरखडलाच म्हणून समजा.

सुरू करताना विमान शेपटीकडून एकाने घट्ट धरायचं. त्याशिवाय मी प्रॉपेलरला हात लावत नाही. चोकची झडप मिटलेली (हवा अडलेली), इग्निशन बंद, नळीतून पेट्रोल कार्ब्युरेटरला पोचेपर्यंत प्रॉप फिरवा. मग इग्निशन चालू करून जाड हातमोज्याने किंवा काठीने झटका द्या. एकदा फट्‌ आवाज आला की चोक उघडा आणि पुन्हा झटके द्या. सुरू झाल्यावर प्रॉपच्या मागे उभं राहायचं. समोर नाही आणि त्याच्या फिरण्याच्या रेषेत तर कधीच नाही. १८ इंची प्रॉपने काय होतं ते मी एका मित्राच्या बोटांवर पाहिलंय.

जमिनीवर पाच-पाच मिनिटांच्या दोन-तीन फेऱ्या पुरेत. थ्रॉटल एका जागी ठेवायचा नाही, वर-खाली करत राहायचं. प्रत्येक फेरीनंतर सिलिंडरला हात टेकवता येईल इतकं थंड होऊ द्या. थंड झाल्यावर प्रॉपचे बोल्ट पुन्हा आवळा. लाकडी प्रॉप दाबला जातो आणि बोल्ट सैल पडतात. विमानाला काउल (इंजिनावरचं झाकण) असेल तर हवा बाहेर जायची वाट आत येण्याच्या वाटेपेक्षा मोठी हवी.

मग उडवा. टायमर सहा मिनिटांवर लावा. पाऊण थ्रॉटलवर मोठे गोल घ्या, मधूनच काही सेकंद पूर्ण थ्रॉटल द्या आणि परत उतरवा. उभी चढाई, हॉवरिंग (नाक वर करून हवेत लटकणं) नंतर. पहिल्या उड्डाणांत इंजिन बंद पडू शकतं, म्हणून धावपट्टीपासून लांब जाऊ नका.

दोन-तीन लिटर जळाले की फरक जाणवतो. आयडल आपोआप चढतो, स्क्रूने खाली आणावा लागतो. हाताने प्रॉप फिरवताना कॉम्प्रेशनचा ठोका ठाम लागतो. पाच लिटर पूर्ण झाल्यावर नीडल लावायच्या. पूर्ण थ्रॉटलवर टॅकोमीटर (आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे, मोजायचं यंत्र) बघत ‘एच’ लीन करत जा, आरपीएम वाढायचे थांबले की उलट फिरवून दोनशे-तीनशे आरपीएम खाली आणा. त्यानंतरच्या उड्डाणावरून उतरल्यावर प्लग काढून बघा. आरएक्स १०० वाल्यांना हे सांगायला नको: चॉकलेटी रंग बरोबर, पांढरट म्हणजे लीन, काळा ओला म्हणजे रिच. इथून पुढे पुस्तिका परवानगी देत असेल तर ४०:१ सिंथेटिक.

दिवस संपला की टाकी रिकामी करा आणि कार्ब्युरेटरमधलं उरलेलं पेट्रोल इंजिन चालवून संपवा. आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये हल्ली २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं आणि कार्ब्युरेटरमधला पातळ डायफ्राम (पेट्रोल खेचणारा लवचीक पडदा) कडक करतं. मागच्या पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवली होती, दसऱ्याला इंजिन सुरूच होईना, डायफ्राम बदलावा लागला.