नावा बांधणाऱ्या घराण्याचा इतिहास कसा लिहावा

वैनगंगेकाठच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या डोंगे बांधत आलेल्या घराचा इतिहास लिहायचा असेल, तर सुरुवात मूळपुरुषापासून न करता एखाद्या डोंग्यापासून करावी. आजोबांच्या वयाविषयी घरात चार मते निघतात. पण अमुक डोंगा कोणासाठी बांधला, सागवान कुठून आणले आणि तो कोणत्या पुरात वाहून गेला, हे म्हाताऱ्यांच्या पक्के ध्यानात असते. जगातल्या नामवंत घराण्यांचा इतिहासही असाच एकेका नावेला धरून सांगितला जातो. जर्मनीत ब्रेमेनजवळ १८७५ साली फ्रीडरिश ल्यूर्सन याने होड्यांचा कारखाना काढला. या घराण्याने २०१३ साली 'अझ्झाम' ही १८० मीटर लांबीची आलिशान नौका पूर्ण केली, तरी त्याची कहाणी सांगताना गॉटलीब डाइमलर या अभियंत्याच्या इंजिनासाठी १८८६ साली बांधलेल्या, जेमतेम सहा मीटरच्या 'रेम्स'चे नाव आजही अगोदर येते.

मुलाखत ओसरीवर बसून घेण्यापेक्षा काम चालते तिथेच घ्यावी. लाकूड तासायचा वाकस, पटाशी हातात आली की कारागिराला आपोआप शब्द सुचतात. ते त्याच्याच बोलीत टिपावेत, प्रमाण मराठीत सुधारू नयेत. डोंग्याचे माप घरात हात आणि वितीत सांगत असतील, तर तसेच लिहून शेजारी मीटर द्यावेत. घरातल्या बायांना स्वतंत्रपणे विचारावे, कारण उधारी कोणाकडे राहिली आणि कोणत्या साली काम मिळाले नाही, हे पुष्कळदा त्यांनाच ठाऊक असते.

साल विचारल्यास उत्तर अंदाजाने मिळते. त्याऐवजी "१९५१ साली मालगुजारी (गावाची जुनी जमीनदारी) गेली, तेव्हा तुमचे बाबा डोंगा वल्हवत होते काय?" किंवा "१९८८ साली गोसेखुर्द धरणाची पायाभरणी झाली, तेव्हा घरात किती डोंगे होते?" असे विचारावे. मग कागद पाहावेत. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर आणि जुनी कोतवाल पंजी (गावातल्या जन्ममृत्यूची नोंदवही) यांतून नावे, जात व जन्ममृत्यू जुळतात. वाजिब-उल-अर्ज या गावाच्या वहिवाटीच्या दस्तऐवजात मासेमारीच्या हक्कांची नोंद सापडू शकते. हा कागद बहुतेक जण पाहतच नाहीत, याची मला मनापासून खंत वाटते.

धंदा मोडल्याची हकीकत लपवू नये. इटलीत इझेओ सरोवराकाठी १८४२ साली सुरू झालेला रीवा घराण्याचा कारखाना कार्लो रीवा यांनी १९६९ साली अमेरिकी कंपनीला विकला, हे त्या घराण्याच्या इतिहासात उघडपणे नोंदलेले आहे. आपल्याकडेही कोणत्या भावाने काम सोडले, धरणामुळे नदी कशी बदलली, लाकडाऐवजी पत्रा केव्हा आला, हे तितक्याच स्पष्टपणे लिहावे.

मसुदा तयार झाल्यावर तो त्याच अंगणात, सर्वांसमोर मोठ्याने वाचावा. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर निवाडा न करता दोन्ही आठवणी सांगणाऱ्याच्या नावासह एकाखाली एक लिहाव्यात.