हाम्मला गाडी तुटायची

दरवर्षी डिसेंबरात मी नागपूरला धरमपेठेतल्या घरी आलो की जर्मनीला निघालेले दोन-चार पोट्टे भेटायला येतात. ते खोली, बँक, व्हिसा विचारतात. त्यांच्या आया एकच विचारतात, "तिथं याचं कोणी नाही हो, अडला तर?" हे त्या आयांसाठी.

2012च्या ऑक्टोबरात मी बर्लिनहून एसेनला निघालो. दोन बॅगा, त्यातल्या एकीत आईनं कोंबलेल्या कुरडया नि सांडगे. गाडी आली, चढलो, रिकामी जागा दिसली तिथं बसलो. ही गाडी तेव्हा हाम्म स्टेशनात तुटून दोन व्हायची, हे कोणी सांगितलंच नव्हतं. अर्धी डॉर्टमुंड, एसेनकडे, अर्धी वुपरटालवरून कोलोनला. दोन्ही भाग आतून जोडलेलेही नसायचे. समोरच्या सत्तरीतल्या बाईंनी माझं तिकीट पाहिलं, "नाइन, नाइन", म्हणजे नाही, नाही, म्हणाल्या. हाम्म येताच माझी जड बॅग त्यांनीच उतरवली नि फलाटावरून मला जवळजवळ पळवत नेऊन दुसऱ्या अर्ध्यात ढकललं. चेहऱ्यावर हसू औषधाला नाही. मी आभाराचे शब्द जुळवेपर्यंत त्या उलट्या पळत सुटल्या होत्या, त्यांना स्वतःला कोलोनलाच जायचं होतं. तेव्हा राजेहो, डब्यावर लिहिलेलं ठिकाण पाहूनच चढा.

आपल्याकडे बर्डीच्या बाजारात पत्ता विचारला तर माणूस गाडीला किक मारतो, "बसा, सोडतो." तिथं बहुतेक वेळा आपणहून कोणी विचारत नाही, दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणं बरं दिसत नाही म्हणून. तोंड पाडून उभे राहाल तर उभेच राहाल. "एन्टशुल्डिगुंग", म्हणजे माफ करा, म्हणा आणि नेमकं विचारा: एसेनची गाडी कुठल्या फलाटावर? मग पाहा, हातातलं काम सोडून मोबाइल काढतील. काम झालं की निघून जातील, ना नाव ना गाव. तो तुसडेपणा नाही. मला हे कळायला दोन वर्षं लागली, तोवर उगाच हिरमुसायचो.

तिकिटाच्या मशीनपाशी न बोलावता मदतीला येणारा मात्र वेगळा, तिथं पाकीट सांभाळा. आणि तिकीट तपासनीसापुढे गयावया करू नका. तिकीट काढलं, पण यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यायचा राहिला, तरी दंडाचे 60 युरो जातात.

घरी कोणी नसलं की पार्सलवाला खोका शेजाऱ्याकडे देतो नि पत्रपेटीत चिठ्ठी टाकतो. त्याच संध्याकाळी जाऊन घ्या, रात्री दहानंतर बेल वाजवू नका. मला पहिली चिठ्ठी वाचताच आली नाही, जाहिरात समजून फेकली. चार दिवसांनी तळमजल्यावरचे आजोबा घरातल्या चपलांवर तीन मजले चढून दारात, हातात माझा खोका. आत थंडीचं जॅकेट होतं. मी तेव्हा नागपूरहून आणलेले दोन स्वेटर एकावर एक चढवून उभा होतो.