मंगोल स्वारीची चित्रगुंडाळी कशी वाचावी

मंगोलांनी जपानवर १२७४ आणि १२८१ अशा दोन स्वाऱ्या केल्या. जपानच्या हिगो प्रांतातल्या, त्यात लढलेल्या ताकेझाकी सुएनागा या सामुराईने करवून घेतलेली ही गुंडाळी उजवीकडून डावीकडे वाचायची. आधी साल ठरवा. दगडी तट दिसला तर प्रसंग १२८१चा. हाकाता उपसागराच्या किनाऱ्यावरचा हा तट १२७६मध्ये बांधायला घेतला, १२७४च्या स्वारीत तो नव्हताच. तटावर किकुची ताकेफुसा या दुसऱ्या सामुराईची माणसं बसलीयत, खालून सुएनागा घोड्यावरून जातोय.

रक्तबंबाळ घोडा आणि हवेत फुटणारा गोळा, इथे बरेच जण फसतात. समोरचे तीन मंगोल मागाहून रंगवले, असं अनेक अभ्यासक मानतात. त्यांच्यावरून डावपेच ठरवू नका.

कामाकुराचा, म्हणजे तेव्हाच्या लष्करी सत्तेच्या राजधानीचा, भाग मात्र सावकाश वाचा. १२७५मध्ये सुएनागा बक्षीस मागायला तिथवर गेला. परचक्र परतवलं, पण नवी जमीन हाती आली नव्हती. इनाम द्यायचं कुठून? म्हणूनच पराक्रमाला साक्षीदार कोण, हे तो इतकं जपून नोंदवतो.