लंडन बघायला निघताय? या चुका टाळा

लंडनहून परतलेल्या माणसाकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: "सगळं पाहिलं, पण नीट काहीच पाहिलं नाही." चार दिवसांत वीस ठिकाणं कोंबली की असंच होतं.

पहिली चूक ब्रिटिश म्युझियममध्ये होते. प्रवेश फुकट, म्हणून लोक दोन तास हाताशी ठेवून आत शिरतात आणि जमेल तेवढी दालनं पालथी घालायला बघतात. संग्रह सुमारे ८० लाख वस्तूंचा आहे. त्यातल्या जेमतेम १ टक्का मांडलेल्या आहेत, आणि त्याही दिवसभरात होत नाहीत. तीनच ठरवा. रोझेटा शिळा सगळेच बघतात, तुम्हीही बघा, पण तिथल्या गर्दीत अर्धा तास घालवू नका. आजच्या इराकमधल्या निनवे या प्राचीन शहराच्या राजवाड्यातले सिंहाच्या शिकारीचे शिल्पपट शोधा. त्यात एक घायाळ सिंहीण आहे. पाठीत बाण रुतलेत, मागचे पाय लुळे पडलेत, तरी पुढच्या पायांवर शरीर रेटत ती मान वर करून गुरगुरतेय. साडेसव्वीसशे वर्षांपूर्वीच्या दगडातली ती वेदना बघून माझी आई बराच वेळ तिथून हलली नाही. तिसरं, आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाचे शिल्पपट. मुख्य दाराशी मोठी रांग असेल तर मागचं, माँटेग्यू प्लेसचं दार बघून या.

टॉवर ऑफ लंडनमध्ये कोहिनूर बघताना वेगळाच घोटाळा होतो. राजदंडातला भलामोठा हिरा दिसला की "हाच तो!" म्हणून लोक समाधानाने बाहेर पडतात. तो कलिनन, दक्षिण आफ्रिकेचा, ५३० कॅरटचा. आपला कोहिनूर राणी एलिझाबेथच्या आईच्या, म्हणजे क्वीन मदरच्या मुकुटात आहे. १८५२ मध्ये पुन्हा पैलू पाडताना १८६ कॅरटचा तो १०५ वर आला. मुकुटांसमोर सरकता पट्टा आहे, तो तुम्हाला पुढे घेऊन जातो. फोटो काढायला मनाई आहे. म्हणून सकाळी दार उघडताच थेट ज्वेल हाउस, म्हणजे हे मुकुट ठेवलेली इमारत गाठा; गर्दी नसते तेव्हा पट्ट्यावरून दुसरी फेरी मारता येते.

साताऱ्याची वाघनखं बघायची म्हणून व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जाऊ नका. ती २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली. कुठल्याही खास वस्तूसाठी जाणार असाल तर ती सध्या मांडलेली आहे का, हे निघण्याआधी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर बघा. वस्तू उसन्या जातात, दालनं दुरुस्तीला बंद होतात.

रविवार वेस्टमिन्स्टर ॲबी किंवा सेंट पॉलसाठी ठेवू नका. त्या दिवशी तिथे फक्त प्रार्थना असते, पर्यटकांना फिरू देत नाहीत. आणि नकाशात 'लंडन ब्रिज' टाकून गेलात तर साधासुधा काँक्रीटचा पूल दिसेल. दोन मनोऱ्यांचा, मधून उघडणारा तो टॉवर ब्रिज.

मेट्रोत कार्ड किंवा मोबाइल फाटकावर टेकवून पैसे देता येतात, पण घरातल्या भाडं भरणाऱ्या प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड लागतं. आत जाताना मोबाइल टेकवला तर बाहेर पडतानाही मोबाइलच टेकवा. एकदा मोबाइल आणि एकदा कार्ड असं केलं की दोन अर्धवट प्रवास धरले जातात आणि दोन्हींचे जास्तीत जास्त पैसे कापले जातात.

शेवटची चूक मला सगळ्यात जास्त सलते. १० किंग हेन्रीज रोड हे आपल्या बहुतेकांच्या यादीतच नसतं. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये इथे राहत होते; २०१५ मध्ये हे घर महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं. चॉक फार्म स्टेशनवरून पायी जाता येतं. घर खुलं आहे का, ते आधी पाहून घ्या. बंद असलं तरी भिंतीवरची निळी गोल पाटी रस्त्यावरून दिसते. आणि हे ठिकाण शक्यतो ब्रिटिश म्युझियमच्या आधी करा. म्युझियमच्या मधल्या चौकात एक मोठी गोल इमारत आहे, तिथलं जुनं वाचनालय. परदेशी विद्यार्थी म्हणून बाबासाहेब सकाळी दार उघडल्यापासून संध्याकाळी बंद होईपर्यंत त्या वाचनालयात अभ्यासाला बसत. घर बघून आलात की त्या गोल भिंतीपाशी थांबावंसं वाटतं.