इंदूर-ग्वाल्हेरचा डेटा एकाच डेटाबेसमध्ये ठेवताना

मुख्य कचेरी इंदुरात आणि शाखा ग्वाल्हेरला असली, की दोन्हीकडचा नकाशांचा (जीआयएस) डेटा एकत्र ठेवताना पहिली अडचण येते ७८ अंश पूर्व रेखांशाची. यूटीएम ही मीटरमध्ये मोजणारी नकाशा-पद्धत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे (झोन) पाडते आणि प्रत्येक झोनचे आकडे स्वतंत्र असतात. तिचा झोन ४३ तिथे संपतो. इंदूर (७५.८६) झोन ४३ मध्ये, लष्कर-ग्वाल्हेर (७८.१८) झोन ४४ मध्ये, आणि शहरापासून वीसेक किलोमीटर पश्चिमेला गेलात की पुन्हा ४३.

म्हणून साठवण सगळी अक्षांश-रेखांशात, ईपीएसजी ४३२६ मध्ये (ईपीएसजी म्हणजे नकाशा-पद्धतींचे ठरलेले क्रमांक). लांबी-क्षेत्रफळ मोजायचे तेवढ्यापुरते इंदूरला ३२६४३ (झोन ४३), ग्वाल्हेरला ३२६४४ (झोन ४४).

शाखेकडून शेपफाइल (नकाशाच्या डेटाचा जुना, प्रचलित फाइल-प्रकार) आली की सोबत पीआरजे फाइल, म्हणजे आकडे कुठल्या पद्धतीतले ते सांगणारी फाइल, आहे का, ते आधी बघा. नसेल तर अंदाज बांधू नका, पाठवणाऱ्याला फोन लावा. झोन ४४ च्या लेयरवर (नकाशाच्या एका थरावर) ४३ चा शिक्का बसला, तर ग्वाल्हेरचे खांब सहा अंश पश्चिमेला, जवळजवळ ६०० किलोमीटर दूर, राजस्थानात बालोतऱ्याकडे जाऊन उभे राहतात. ही चूक निदान लगेच दिसते. घात करतात त्या एव्हरेस्ट डेटमवरच्या (अक्षांश-रेखांश मोजायच्या जुन्या भारतीय आधारावरच्या) जुन्या टोपोशीट, म्हणजे सर्वेक्षणाचे नकाशे. त्यावरून काढलेला लेयर डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएसचा आजचा आधार) समजून घेतला, तर रस्ता शेजारच्या शेतात सरकतो आणि महिनोन्महिने कुणाला पत्ता नसतो. चार-पाच ठळक चौक उपग्रहचित्रावर जुळवून मगच लेयर आत घ्या. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘असाइन प्रोजेक्शन’ नुसते लेबल बदलते. आकडे बदलतात ते ‘रीप्रोजेक्ट लेयर’ने. निम्मे घोळ इथलेच.

खरे तर शेपफाइल मागवूच नये. कॉलमचे नाव दहा अक्षरांनंतर कापले जाते, अक्षरांचे एन्कोडिंग सांगणारी सीपीजी फाइल गहाळ झाली तर देवनागरी नावांचा कचरा होतो. जिओपॅकेज (सगळे एकाच फाइलमध्ये ठेवणारा नवा प्रकार) मागवा. मात्र तीच फाइल शेअर्ड ड्राइव्हवर ठेवून चौघांनी एकदम एडिट केली, तर लॉक होते, कधी खराबही होते. एडिटिंग पोस्टजीआयएसमध्येच, म्हणजे नकाशे सांभाळणाऱ्या सामायिक डेटाबेसमध्येच.

तिथे प्रत्येक लेयरचा मालक एकच विभाग. बाकीच्यांना फक्त वाचायची परवानगी. टेबलावरच अट घाला: रेखांश ७४ ते ८३, अक्षांश २१ ते २७. काम मध्य प्रदेशापुरते असेल तर एवढ्याने उलटे भरलेले आणि शून्य-शून्यवाले बिंदू दारातच अडतात. सेव्ह होण्याआधी एसटी-इजव्हॅलिडची (आकृती योग्य आहे का ते बघणाऱ्या फंक्शनची) तपासणीही लावा, नाहीतर स्वतःलाच छेदणारे वॉर्ड क्षेत्रफळ चुकवतात.

गावे नावावरून कधीच जोडू नका. एकाच नावाची गावे ढिगाने आहेत, शिवाय स्पेलिंग ज्याचे त्याचे. एलजीडी कोड (सरकारच्या लोकल गव्हर्न्मेंट डिरेक्टरीतला गावाचा क्रमांक) घ्या, आणि तो टेक्स्ट म्हणून साठवा.