प्लेटलेट कमी-जास्त आल्यात? बोन मॅरोमधल्या (अस्थिमज्जेतल्या) मोठ्या पेशी अशा बघा

आधी एक काम करा, स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) बघून घ्या, कारण ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) ट्यूबमध्ये प्लेटलेटचे गठ्ठे झाले की मशीन काउंट उगाच कमी दाखवतं आणि पेशंटला मॅरोसाठी विनाकारण सुई टोचली जाते, हे खरंच टाळा.

मग मॅरोची स्लाइड आधी लो पॉवरवर फिरवा. मेगाकॅरिओसाइट म्हणजे प्लेटलेट बनवणारी पेशी, साधारण 50 ते 100 मायक्रॉन, लगेच दिसते. किती आहेत ते बघा: प्लेटलेट कमी पण या भरपूर, तर प्लेटलेट बाहेर नष्ट होतायत, जसं आयटीपीमध्ये, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच प्लेटलेट नष्ट करते त्या आजारात (तिथे टिपिकल केसला मॅरो बहुतेक लागतच नाही). याच कमी असतील तर मग बनतच नाहीयेत, अप्लास्टिक अनिमियासारखं, जिथे मॅरो पुरेशा रक्तपेशीच बनवत नाही.

नुसत्या संख्येवर थांबू नका, साइज आणि न्यूक्लियस नीट बघा, किमान 30 पेशी तरी. छोट्या, एकाच गोल न्यूक्लियसच्या दिसल्या की एमडीएसचा (मॅरोत सदोष रक्तपेशी बनण्याच्या आजाराचा) विचार करा, सीडी61 स्टेन (या पेशींवरचं प्रथिन रंगवून दाखवणारी तपासणी) केलं की लपलेल्याही सापडतात. उलट काउंट सतत 4.5 लाखांच्या वर आणि पेशी अवाढव्य, न्यूक्लियसला सांबराच्या शिंगांसारखे फाटे असतील तर इसेन्शियल थ्रोम्बोसायथेमिया (मॅरोत प्लेटलेट जास्त बनण्याचा आजार) असू शकतो, मग जॅक2, सीएएलआर, एमपीएल या जीन्सची टेस्ट लावा.